अर्धशिशी आणि औषधाचा ताप

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनाला गेलेला भाविक सहसा अकलोलीलाही जाऊन येतो, तो तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि मोहिमेच्या वेळी बोललेला नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे देऊळ उभे राहिले, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कुंडे मात्र देवळापेक्षा कितीतरी जुनी. कोकणपट्टीत अशा उन्हाळ्यांची रांगच लागलेली आहे. पालघरकडच्या सातिवलीपासून निघाले की अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे सव, संगमेश्वराकडची आरवली, तुरळ आणि राजवाडी, अशी ती थेट राजापुरापर्यंत जाते. गंधकाच्या वासाच्या या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक दुखणी घेऊन उतरत आले. कुणाची खरूज, कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, आणि कुणाचे डोके.

डोक्याच्या बाबतीत मात्र हे पाणी मोठे लहरी. मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आखडल्यामुळे डोके दुखत असेल तर उष्ण पाण्याने ते मोकळे होतात आणि बरे वाटते. पण दुखणे अर्धशिशीचे असेल, तर तोच उष्मा आणि ती वाफ झटका आणायला पुरेशी ठरू शकते. आपल्याकडच्या बायका ‘न्हाणं झालं की माझं डोकं धरतं’ असे म्हणायच्या, तेव्हा घरातले लोक ते हसण्यावारी नेत. मुंबईतील डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी ते हसण्यावारी नेले नाही. डोक्यावरून अंघोळ केल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांच्या नोंदी त्यांनी २००६ साली ‘सेफाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. पाश्चात्त्य पुस्तकांतल्या कारणांच्या याद्यांमध्ये चीज, चॉकलेट आणि लाल वाइन होती, न्हाणे नव्हते. ते आपल्या न्हाणीघरांतून तिथे गेले.

एकाला उतार देणारी गोष्ट दुसऱ्याला अपाय करते, हे कुंडाच्या पाण्याबाबत आपल्याला चटकन पटते. गोळीबाबत पटत नाही. गोळी म्हणजे शास्त्र, ती सगळ्यांना सारखीच, असा आपला समज. अर्धशिशीच्या औषधांचा इतिहास पाहिला तर तो समज टिकत नाही. या इतिहासात नवे औषध पुष्कळदा जुन्या औषधाच्या दुष्परिणामातून जन्माला आले आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा दुवा आपल्या मुंबईत आहे.

सुरुवात अर्थातच आपल्या वैद्यांपासून. सुश्रुताने उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले. त्यांत अर्धावभेदक आहे, म्हणजे आपली अर्धशिशी, आणि सूर्याबरोबर चढणारा व सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्तही आहे. चरकाने सिद्धिस्थानात या दोन्हींची लक्षणे दिली आणि उपचारांत नस्याला, म्हणजे नाकात औषध सोडण्याला, मोठे स्थान दिले. पण नस्य कोणाला देऊ नये याचीही लांब यादी ग्रंथांत आहे. नुकताच जेवलेला, तहानलेला, गर्भवती स्त्री, हे सगळे त्यात आले. चरकाने निदानस्थानात तर स्पष्टच म्हटले आहे की, जो उपचार एक रोग शमवून दुसरा उठवतो तो शुद्ध उपचार नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला दुष्परिणामाची एवढी स्वच्छ जाणीव होती, आणि आज आपण म्हणतो की ‘आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नाही’. चरकाला हे वाक्य मुळीच आवडले नसते.

घरगुती उपायांचे तसे नव्हते. कपाळावर सुंठीचा लेप, डोक्याला करकचून फडके, सूर्योदयापूर्वी दूध आणि जिलबी, आणि यातले काही लागू पडले नाही तर अर्धशिशी उतरवणारा गावातला मांत्रिक. यातल्या मांत्रिकाचा दुष्परिणाम खिशावर आणि जिलबीचा कमरेवर. फडके बांधण्यात तर तथ्यही आहे. कानशिलावरची धमनी दाबली की काही जणांचा ठणका तेवढ्यापुरता कमी होतो, हे पुढे शास्त्रज्ञांनीही पाहिले.

१८९३ साली काशिनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी मुंबईत ‘अमृतांजन’ काढले. पुढे याच नागेश्वर रावांनी ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू पत्रही मुंबईतूनच सुरू केले. नंतर अमृतांजनचा कारभार मद्रासला गेला, पण ती पिवळ्या मलमाची बाटली मराठी घरातल्या देवळीत कायमची बसली. बाहेरून लावायचे औषध. फार तर डोळ्यांत पाणी यायचे. डोकेदुखीचे औषध पोटात जायला लागले तेव्हा खरा प्रश्न सुरू झाला.

पोटातली पहिली औषधे जर्मनीच्या रंगांच्या कारखान्यांतून आली. १८८७ मध्ये फेनासेटिन, १८९९ मध्ये बायर कंपनीचे ॲस्पिरिन. ॲस्पिरिनने जठराला चटके बसतात, कधी रक्तस्रावही होतो, हे कळायला काही दशके गेली. जेवणानंतर आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, हा नियम त्यातून आला. फेनासेटिनची गोष्ट अधिक वाईट. ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन यांची एकत्र गोळी ‘एपीसी’ या नावाने जगभर खपली. आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती वर्षानुवर्षे वाटली गेली.

स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे कारखान्याचे गाव आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत तिथल्या एका डॉक्टरने फेनासेटिन असलेली एक पूड लोकांना दिली. साथ गेली, पण पूड राहिली. कारखान्यातले कामगार ती कामाला हुशारी यावी म्हणून, थकवा जावा म्हणून, डोके दुखू नये म्हणून घेत राहिले. कुणी विडी पुढे करावी तशी एकमेकांना देत राहिले. पुढे त्या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन लोक मरू लागले. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी वेदनाशामके आणि मूत्रपिंडाचा हा विकार यांचा संबंध दाखवला होता. १९६३ मध्ये हुस्कवार्नाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लक्षात घेण्यासारखे हे की, एखादी पूड घेऊन कुणी मेले नव्हते. रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षे, अशी ती घेतली गेली होती.

हे वाचताना मला भिवंडी दिसते. यंत्रमागांचा तो कानठळ्या बसवणारा खडखडाट, बारा-बारा तासांची पाळी, कोंदट शेड, अपुरी झोप आणि वेळीअवेळी चहा. ज्याला अर्धशिशी आहे त्याला झटका यायला यातली कोणतीही एक गोष्ट पुरते. आणि नाक्यावरच्या दुकानात गोळी सुटी मिळते. आता त्या गोळीत फेनासेटिन नसते, पण सवयीची घडण तीच.

आता एका बुरशीची गोष्ट. ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते.

युरोपात राय नावाच्या धान्यावर एक बुरशी पडते, तिला अर्गट म्हणतात. मध्ययुगात हे धान्य दळून खाल्लेल्या गावांत साथी उसळत. हातापायांत आग, मग बोटे काळी पडून गळून पडणे. लोक तिला सेंट अँथनीची आग म्हणत. कारण साधे होते, बुरशीतल्या द्रव्याने रक्तवाहिन्या आवळून जात आणि बोटांना रक्त मिळत नसे. सुईणींनी हेच द्रव्य बाळंतिणीसाठी वापरले, कारण ते गर्भाशयही आवळते. आजही बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला याच कुळातले इंजेक्शन देतात आणि त्याने असंख्य आया वाचल्या आहेत. १९१८ मध्ये बाझलच्या सँडोझ कंपनीत आर्थर श्टोल यांनी या बुरशीतून एर्गोटामिन वेगळे केले. १९२० च्या दशकात ते अर्धशिशीवर वापरले जाऊ लागले, आणि १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फ व जॉन ग्रॅहम यांनी दाखवले की, एर्गोटामिन टोचल्यावर कानशिलावरच्या धमनीची उडी कमी होत जाते आणि तिच्याबरोबर ठणकाही. गावेच्या गावे लुळी करणारे विष मोजून दिले की औषध झाले.

ही बुरशी आपल्याला परकी नाही. बाजरीवर पडणारा अरगट रोग ही तिचीच बहीण. कणसातून आधी मधासारखा चिकट रस पाझरतो आणि मग दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठी धरतात. मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन लोकांना विषबाधा झाल्याची हकीकत तिघा डॉक्टरांनी १९५८ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवली आहे. राय आणि बाजरी यांत फरक मात्र आहे. बाजरीच्या बुरशीतली द्रव्ये वेगळी असल्याने बोटे झडत नाहीत; मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी येते. शेतकऱ्याला यावरचा उपायही ठाऊक आहे. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे टाकायचे, तरंगून आलेल्या गाठी आणि पोकळ दाणे काढून टाकायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचे. निवडण्याची एवढी सोय गोळीच्या बाबतीत नसते. तिथे उपकार करणारा आणि अपकार करणारा रेणू एकच असतो. निवडायची असते ती मात्रा आणि वेळ.

म्हणून एर्गोटामिनच्या मात्रेचे नियम इतके काटेकोर झाले. एका झटक्यात सहा मिलिग्रॅमपेक्षा आणि आठवड्यात दहा मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही. हृदयविकार असलेल्याला, रक्तदाब आटोक्यात नसलेल्याला आणि गर्भवतीला मुळीच नाही. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविके चालू असताना तर अजिबात नाही, कारण ती एर्गोटामिन शरीरातून लवकर जाऊ देत नाहीत आणि मध्ययुगातली ती आग पुन्हा बोटांत येऊ शकते. बोटे गार पडली, बधिर झाली, पांढरी किंवा निळसर दिसू लागली, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांकडे जायचे. आपल्याकडे या औषधाची जी गोळी सर्रास मिळते तिच्यात एर्गोटामिनबरोबर कॅफिन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारे प्रोक्लोरपेराझिन असते. या चौथ्या औषधाने क्वचित मान वाकडी होऊन आखडते, जबडा धरतो. घरचे घाबरतात, कुणी बाहेरची बाधा म्हणतात. दवाखान्यात एका इंजेक्शनने ती सुटते. पण कोणती गोळी घेतली हे डॉक्टरांना सांगणारे कुणी हवे.

एर्गोटामिनचा आणखी एक दुष्परिणाम १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन यांनी मांडला. ते औषध वारंवार घेणाऱ्यांचे डोके रोज दुखू लागते, आणि औषध बंद केले की काही दिवस भयंकर दुखून मग उतरते. डोकेदुखीच्या औषधाने डोकेदुखी! पुढे कळले की हे एकट्या एर्गोटामिनचे नाही. आज जगभर मान्य झालेले माप असे आहे: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि एर्गोटामिन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या महिन्यात दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले तर डोके गोळीमुळेच दुखत असण्याचा संशय घ्यावा. मोजायचे ते दिवस, गोळ्या नव्हेत. कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडतो तशी गोळीच्या दिवशी फुली मारली, तर महिनाअखेर हिशेब समोर असतो. डोकेदुखीच्या रुग्णाला डॉक्टर रोजनिशी ठेवायला सांगतात ती एवढ्याचसाठी. गोळी सोडवतानाचे ते पहिले वाईट दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावे लागतात. एकट्याने धीर धरायचा म्हटले तर चौथ्या दिवशी हात पुन्हा डबीकडे जातो.

आता मुंबईचा दुवा. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्मादावर तिचा उपयोग लिहून ठेवला. पण जगाने तिच्याकडे वळून पाहिले ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेच्या चाचणीचा लेख प्रसिद्ध केला. तीन वर्षांत, १९५२ मध्ये, सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले, ते रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर जगभर गेले आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

रिसर्पिनचा दुष्परिणामही त्याच्या पाठोपाठ आला. काही रुग्ण खिन्न होऊ लागले, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ लागले. १९५५ मध्ये कळले की, रिसर्पिन शरीरातला सेरोटोनिन या द्रव्याचा साठा बाहेर सांडून रिकामा करते. आणि ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना रिसर्पिन टोचले तर झटका येतो, हेही दिसले. न्यूयॉर्कच्या किंबॉल, फ्रीडमन आणि व्हायेहो यांनी १९६० मध्ये अशा रुग्णांना शिरेतून सेरोटोनिन दिले, तर डोके उतरले! फक्त रिसर्पिनने आणलेले नव्हे, आपोआप आलेलेही. मात्र सेरोटोनिन टोचणे हा काही उपचार होऊ शकत नव्हता. धाप लागणे, मळमळ, अंगभर मुंग्या, असा त्याचा स्वतःचाच धिंगाणा फार. पण अर्धशिशीचे कुलूप कोणत्या दारावर आहे ते कळले, आणि ते कळले सर्पगंधेच्या एका अवगुणामुळे. आपल्याकडे सर्पगंधेचा गौरव पुष्कळ होतो. तिच्या अवगुणाने केलेल्या या कामाचा उल्लेख मात्र क्वचित ऐकू येतो, आणि मला तर ते काम गौरवाच्या बरोबरीचे वाटते.

फ्लॉरेन्सच्या सिकुतेरी यांनी १९५९ मध्ये मेथिसर्जाइड हे औषध अर्धशिशी टाळण्यासाठी आणले. फार गुणकारी. पण १९६४ मध्ये बोस्टनच्या एका डॉक्टरांनी आपल्या ५०० रुग्णांचा तीन वर्षांचा अनुभव लिहिला, तेव्हा त्यात दोघांच्या पोटामागच्या भागात तंतुमय जाळे वाढून मूत्रनलिका आवळल्याची नोंद होती. पाचशेंत दोन. सहज सुटून गेले असते. हे डॉक्टर म्हणजे १९३८ मध्ये धमनीची उडी मोजणारे तेच जॉन ग्रॅहम. त्यांनी पाठपुरावा केला, १९६६ मध्ये आणखी रुग्णांची सविस्तर माहिती दिली आणि त्यातून औषधाला सुट्टी देण्याची पद्धत आली: सहा महिने घ्यायचे, महिनाभर बंद ठेवायचे. पुढे बऱ्याच देशांत हे औषध मागे पडले.

तोवर इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीत पॅट्रिक हंफ्री आणि त्यांचे सहकारी १९७२ पासून वेगळाच विचार करत होते. अंगभरच्या रक्तवाहिन्या न आवळता डोक्यातल्याच आवळणारे काही मिळेल का? त्यातून सुमाट्रिप्टान आले. १९९१ मध्ये ते बाजारात उतरले. एर्गोटामिनपेक्षा ते खूपच नेमके, पण अगदी नेमके नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या ते थोड्याफार आवळतेच. म्हणून हृदयविकार, पक्षाघात किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना ते वर्ज्य. गोळीनंतर छातीत, गळ्यात जडपणा आला तर बहुतेकांत तो हृदयाचा नसतो आणि निघून जातो. पण पहिल्यांदाच आला असेल तर तो हृदयाचा नाही हे ठरवण्याचे काम डॉक्टरांचे, आपले नव्हे.

रोज घ्यायच्या, झटकाच येऊ नये म्हणून द्यायच्या गोळ्यांचा इतिहास थोडा गमतीचा आहे, कारण त्यातली जवळजवळ सगळी औषधे दुसऱ्याच रोगांसाठी निघाली. छातीदुखीसाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्या एका रुग्णाची अर्धशिशी थांबली, हे १९६६ मध्ये लक्षात आले. ॲमिट्रिप्टिलिन उदासीनतेसाठी होते, व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट फिटसाठी. म्हणून औषधाच्या दुकानात ‘ही तर डिप्रेशनची गोळी’ किंवा ‘ही फिटची’ असे कुणीतरी सांगते आणि रुग्ण घाबरून गोळी सोडतो. या गोळ्यांचे दुष्परिणाम सांभाळण्याची कला डॉक्टरांनी हळूहळू बसवली. ॲमिट्रिप्टिलिनने झोप येते, तर ते रात्री द्यायचे. झोपही सुधारते, सकाळी सुस्ती वाटली तर आणखी लवकर, जेवणाच्या सुमारास. तोंड कोरडे पडते, तर घोट घोट पाणी. मात्रा अगदी थोडक्यात सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवायची. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला द्यायचे नाही, आणि ते एकदम बंद करायचे नाही. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, मुतखडा होऊ शकतो. पाणी भरपूर प्यायचे. आपल्याकडे फ्लुनारिझिन फार लिहिले जाते. त्याने वजन वाढते आणि सुस्ती येते, हे रुग्णाला दिसते. पण मन खिन्न होणे, हात कापणे, हालचाल मंदावणे हे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत, औषधामुळे आहे असे कुणाच्या ध्यानात येत नाही; वयाच्या नावावर खपून जाते. म्हणून ते काही महिन्यांनी थांबवून पाहायचे असते. कित्येक घरांत मात्र जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून ते वर्षानुवर्षे आणले जाते.

अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीनपट अधिक होते, आणि दुष्परिणामांचा मोठा भारही त्यांच्यावरच पडतो. व्हॅल्प्रोएटने गर्भात व्यंग येऊ शकते आणि मुलाच्या बुद्धीवर परिणाम होतो. टोपिरामेटही गर्भाला घातक. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या मुलीने हे आधी बोलायला हवे, दिवस राहिल्यावर नव्हे. ज्यांना डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येतात, त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. आपल्या घरांत मुलीच्या डोकेदुखीची चर्चा होते, गर्भनिरोधक गोळीची होत नाही. मग डॉक्टरांना दोन्ही एकत्र कसे कळणार?

२०१८ पासून अगदी वेगळ्या तऱ्हेची, केवळ अर्धशिशीसाठीच घडवलेली इंजेक्शने आली आहेत. त्यामागच्या संशोधनाला २०२१ मध्ये ‘ब्रेन प्राइझ’ मिळाले. त्यांतल्या पहिल्या औषधाने बद्धकोष्ठ होतो, तो काहींत बराच तीव्र, ही माहिती ते बाजारात आल्यावर अधिक स्पष्ट झाली. नव्या औषधाबाबत हे नेहमीचेच. चाचणीत काही शे किंवा काही हजार माणसे असतात; बाजारात गेल्यावर लाखो.

म्हणूनच नोंदींचे महत्त्व. थॅलिडोमाइडने हातपाय नसलेली बाळे जन्माला आली तेव्हा, १९६१ नंतर, जगाचे डोळे उघडले आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दुष्परिणामांच्या नोंदींची योजना सुरू केली. आपल्या सरकारने २३ जुलै १९८३ च्या अधिसूचनेने फेनासेटिन आणि ॲमिडोपायरिन यांच्यावर बंदी घातली, एपीसी गोळी इतिहासजमा झाली. त्याच अधिसूचनेत अर्गटची इतर मिश्रणे बंद झाली, मात्र अर्धशिशीसाठीच्या एर्गोटामिनच्या मिश्रणांना सूट राहिली. ॲमिडोपायरिनने रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात हे १९३४ पासून ठाऊक होते. आपल्याला एकोणपन्नास वर्षे लागली. त्याच्याच नात्यातल्या ॲनाल्जिनवर जून २०१३ मध्ये बंदी आली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ती अटी घालून उठली. २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, तेव्हा घराघरांत ठाऊक असलेली ‘सॅरिडॉन’ही त्या यादीत होती, सर्वोच्च न्यायालयाने तिला त्यातून वगळले. ग्राहकाला यातून एवढेच कळले की गोळी गेली आणि परत आली. का गेली होती, हे दुकानदारालाही फारसे माहीत नव्हते.

जागतिक योजनेत भारत १९९७ मध्ये सामील झाला. दिल्लीच्या एम्सबरोबर मुंबईचे केईएम रुग्णालय आणि अलीगढ ही तिची सुरुवातीची केंद्रे होती. जुलै २०१० मध्ये देशव्यापी औषधदक्षता कार्यक्रम सुरू झाला, आणि एप्रिल २०११ पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालवला जातो. बहुतेकांना वाटते की अशा नोंदी फक्त डॉक्टर करतात. तसे नाही. रुग्ण स्वतः किंवा त्याचे नातेवाईक १८००-१८०-३०२४ या विनाशुल्क क्रमांकावर कळवू शकतात. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करावे लागत नाही, संशय पुरतो. रुग्णाचे पूर्ण नावही लागत नाही, आद्याक्षरे चालतात. गोळीचे वेष्टन मात्र जपून ठेवावे, कारण त्यावरचा बॅच क्रमांक विचारला जातो.

डॉक्टरांनी भरायच्या नोंदपत्रात एक रकाना आहे, तो बहुधा रिकामा राहतो. त्याच सुमारास घेतलेली इतर औषधे लिहा, आणि त्यात स्वतःच्या मनाने घेतलेली तसेच वनौषधीही धरा, असे तिथे छापलेले आहे. म्हणजे नाक्यावरची सुटी गोळी, कुणी दिलेली सर्पगंधेची पुडी, कपाळावरचा सुंठीचा लेप, असे सगळे. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, आणि ओपीडीच्या रांगेत विचारायला वेळ नसतो. तेव्हा घरून निघतानाच एका कागदावर लिहून न्यावे.